खलाशी

प्रॉमन्टरीला पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. सॉल्ट लेक सिटीहून मुलाने गाडीने आणलं. शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना करड्या झुडपांचा माळ होता आणि वर उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ. युटा राज्यातल्या या माळावर १० मे १८६९ रोजी पूर्वेकडून येणारा आणि पश्चिमेकडून येणारा लोहमार्ग एकमेकांना मिळाले. सोन्याचा खिळा बसवला गेला आणि काम पुरं झाल्याचा एका शब्दाचा निरोप तारेने देशभर गेला. आता तिथे ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ या दोन इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती समोरासमोर उभ्या करतात. लोक त्यांच्यापुढे फोटो काढत होते. माझी नजर आधी रुळांवर गेली. चौतीस वर्षं मध्य रेल्वेच्या घाट सेक्शनमध्ये पी-वेचं, म्हणजे रुळांच्या देखभालीचं, काम केलेल्या माणसाला दुसरं काही आधी दिसत नाही. गेज अरुंद वाटला. आपला साडेपाच फुटांचा, हा चार फूट साडेआठ इंचांचा. लाकडी स्लीपर आणि त्यात ठोकलेले डॉग स्पाइक. नोकरीच्या सुरुवातीला मीही हेच हाताळलं होतं.

मी तिथे गेलो होतो ते एका कवितेसाठी. वॉल्ट व्हिटमनची ‘पॅसेज टू इंडिया’ ही दीर्घ कविता १८७१ साली प्रसिद्ध झाली. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर त्याचा कवितासंग्रह मला जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला, त्याला आता पन्नास वर्षं होतील. पावसाळ्यात खंडाळ्याला रात्रपाळी असायची. पेट्रोलमन कंदील घेऊन लाइनवर गेला की तो परत येईपर्यंत चौकीत बसून राहावं लागे. ते पुस्तक मी तिथे वाचलं, शब्दकोश शेजारी ठेवून. शब्दाशब्दाला अडत होतो. तरी त्या ओळींचा ओघ अंगावर यायचा, बोगद्यातून गाडी बाहेर पडते तसा.

तीन घटनांनी भारावून ती कविता लिहिली गेली. १८६६ साली अटलांटिकच्या तळातून तारेची केबल कायमची सुरू झाली. १८६९ च्या मे महिन्यात हा लोहमार्ग जुळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि लंडनहून मुंबईला येणाऱ्या बोटीची वाट सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाली. व्हिटमनला या तिन्हींत एकच गोष्ट दिसली: पृथ्वीला वेढा पडला, आणि हिंदुस्थानला निघून वाटेत अमेरिकेला अडकलेल्या कोलंबसाचं स्वप्न पुरं झालं. शेवटी तर ही कविता हिंदुस्थानही मागे टाकते आणि आत्म्याच्या समुद्रात शिरते. एवढा मोठा श्वास घेणारी कविता तोपर्यंत माझ्या वाचनात आली नव्हती. चौकीच्या खिडकीबाहेर धबधब्याचा आवाज, हातात पुस्तक, आणि हा माणूस माझ्या देशाकडे रूळ घेऊन येतोय! मी वेडावून गेलो होतो.

त्या कवितेत गाडी अमेरिकेच्या पश्चिमेतून धावते. प्लॅट नदी, लॅरमीची पठारं, वॉसॅच पर्वत, नेवाडाचे डोंगर, टाहो सरोवर अशी नावांमागून नावं येतात. पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की ती लिहिली तेव्हा व्हिटमनने यांतलं काही पाहिलेलं नव्हतं. १८४८ साली तो न्यू ऑर्लीन्सपर्यंत गेला होता, तेवढाच त्याचा मोठा प्रवास. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेकडे पाहणाऱ्या माणसाची एक सुंदर छोटी कविता त्याने १८६० साली छापली. त्या किनाऱ्यावर तो आयुष्यात कधी गेला नाही. साठाव्या वर्षी, १८७९ मध्ये, तो कॅन्सस आणि कोलोराडोपर्यंत पोहोचला. तिथल्या दरीतले अस्ताव्यस्त खडक पाहून आपल्याच कवितेची रीत सापडल्यासारखं वाटलं, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे कविता आधी आणि प्रदेश नंतर.

लाँगफेलोचंही असंच. ‘इव्हांजेलिन’ १८४७ ची. तिच्यात मिसिसिपी नदी आणि लुइझियानाचा ओलसर, शेवाळी प्रदेश फार सुरेख आला आहे. लाँगफेलो तिथे गेलाच नव्हता. बॅनवर्ड नावाच्या चित्रकाराने मिसिसिपीचं एक अवाढव्य चित्र रंगवलं होतं. गुंडाळीवरून उलगडत ते लोकांपुढे सरकत जायचं. ते बॉस्टनला आलं तेव्हा लाँगफेलो पाहायला गेला, आणि नदी त्याच्या कवितेत आली.

हे कळल्यावर मला बरेच दिवस वाईट वाटत होतं. आता वाटत नाही. न पाहिलेल्या गावाची ओढ खरी असू शकते. आणि जागेवर जाऊन पाहिलं म्हणजे सगळं दिसतंच असंही नाही. विल्यम कलन ब्रायंट १८३२ च्या उन्हाळ्यात इलिनॉयला भावांकडे गेला, घोड्यावरून गवताळ मैदानं हिंडला आणि त्यांवर त्याने एक भारदस्त कविता लिहिली. त्याला तो प्रदेश रिकामा दिसला. तिथे पूर्वी टेकड्या बांधणारी कुणी थोर जमात होती, आताच्या आदिवासींनी तिचा संहार केला, अशी त्या काळी गोऱ्यांमध्ये सर्रास चालणारी समजूत त्याने कवितेत घातली. पुढच्या संशोधनाने ती खोटी ठरली. टेकड्या बांधणारे आदिवासींचेच पूर्वज होते. ब्रायंट तिथे हिंडत होता त्याच उन्हाळ्यात, त्याच राज्यात, ब्लॅक हॉक या साउक सरदाराच्या लोकांना आपल्या जुन्या शेतांकडे परतल्याबद्दल सैन्य पाठलाग करून मारत होतं. माणूस जागेवर होता आणि जागा रिकामी दिसत होती. हे मला लाँगफेलोच्या चित्रापेक्षा जड वाटतं.

मला यात रस आहे तो माझ्या कामामुळे. रूळ आपोआप पडत नाही. प्रॉमन्टरीच्या पश्चिमेला जुन्या भरावावर एक फलक आहे. २८ एप्रिल १८६९ रोजी एका दिवसात इथे दहा मैल रूळ टाकला, असं त्यावर लिहिलंय. मी तिथे उभा राहून मनात हिशोब केला. रूळ तीस फुटी, म्हणजे दहा मैलांना ३,५२० नग. एकेक रूळ ५६० पौंडांचा, अडीचशे किलोंच्या वर. हे सगळं लोखंड आठ आयरिश कामगारांनी वाहिलं. प्रत्येकाच्या वाट्याला शंभर टनांहून जास्त आलं. त्या आठही जणांची नावं नोंदलेली आहेत. त्यांच्या पुढे-मागे स्लीपर टाकणारे, खिळे ठोकणारे, फिशप्लेटा कसणारे, खडीचं पॅकिंग करणारे शेकडो चिनी होते. त्यांची नावं नाहीत. कंपनीच्या पगारपत्रकावर बहुतेक ठिकाणी फक्त त्यांच्या मुकादमाचं नाव आहे आणि पुढे रक्कम. मुकादमाने पैसे घ्यायचे आणि खाली वाटायचे.

या लोहमार्गाच्या पश्चिम भागावर दहा हजारांहून जास्त चिनी कामगार राबले. सिएरा पर्वताच्या माथ्यावर त्यांनी कठीण ग्रॅनाइटमधून १,६५९ फुटांचा बोगदा काढला. १८६६-६७ च्या हिवाळ्यात हिमकडे कोसळून त्यांतले किती गाडले गेले याचा हिशोब कुणी ठेवला नाही. १८६७ च्या जूनमध्ये गोऱ्यांइतकी मजुरी मिळावी म्हणून हजारो जणांनी काम थांबवलं. कंपनीने अन्नधान्याचा पुरवठा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला. समारंभाच्या दिवशीचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे, दोन इंजिनं, मधे हस्तांदोलन, भोवती गर्दी. त्या गर्दीत चिनी चेहरा शोधावा लागतो. तेरा वर्षांनी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी एमा लाझरस यांनी ‘द न्यू कोलोसस’ हे सुनीत लिहिलं, जगातल्या थकल्याभागल्यांना हाक मारणारं, जे आज स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्याशी कोरलेलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१२ पासून या कामगारांच्या खुणा शोधायला घेतल्या. भांडी, सोंगट्या, बटणं सापडली. एकाही कामगाराने लिहिलेलं एक पत्र मिळालं नाही.

व्हिटमनच्या कवितेत कप्तान आहेत, संशोधक आहेत, इंजिनिअर आहेत. हे कामगार नाहीत. मला हे टोचतं ते तो व्हिटमन असल्यामुळे. छापखान्यात खिळे जुळवून हा माणूस पोट भरत होता. १८५५ चा आपला पहिला संग्रह त्याने ब्रुकलिनमध्ये छापून घेतला, तेव्हा त्यातली काही पानं स्वतःच्या हातांनी जुळवली. सुतार, नावाडी, खाटीक, विणकर यांच्या याद्याच्या याद्या त्याने कवितेत आणल्या. त्यापूर्वी कुणी आणल्या नव्हत्या. न्यूयॉर्कला तो हट्टाने मॅनहाटा म्हणायचा, लाँग आयलंडला पॉमनॉक, कारण ती तिथल्या मूळ लोकांनी दिलेली नावं. १८६५ साली वॉशिंग्टनमधल्या आदिवासी खात्यात तो कारकून होता. दूरदूरच्या जमातींचे सरदार करारमदारांसाठी तिथे येत, त्यांना त्याने जवळून पाहिलं होतं. पाहण्याची ताकद नव्हती असं त्याच्याबद्दल म्हणता येणार नाही. पण ‘पॅसेज टू इंडिया’ लिहिताना त्याला देशाचं आणि साऱ्या पृथ्वीचं एकच गाणं गायचं होतं. तेवढ्या उंचीवरून रूळ दिसतात, हात दिसत नाहीत.

माझे वडील, आप्पा, खंडाळ्याला गँगमन होते. बोरघाटातला हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, पंचवीस बोगद्यांचा. त्यासाठी एका वेळी चाळीस हजारांवर माणसं डोंगरात होती आणि पटकीच्या साथीत ती पटापट मेली. त्यांची यादी नाही. आप्पांना सही येत नव्हती. मस्टरवर अंगठा उठवायचे. उजवा अंगठा कधीतरी हातोड्याखाली सापडून चपटा झाला होता, त्यामुळे त्यांचा ठसा अर्धाच उमटे. बाबूलोक शाई जास्त लावायला सांगत. तरी तो अर्धाच.

मी आठवीत असताना सरांनी कुसुमाग्रजांची ‘कोलंबसाचे गर्वगीत’ शिकवली. ती ऐकल्यावर मुलगा गप्प बसूच शकत नाही. खवळलेल्या समुद्राला खडसावणारा तो कोलंबस मी क्वार्टरच्या ओट्यावर उभा राहून रोज संध्याकाळी म्हणायचो. एकदा आप्पांनी विचारलं, “कुणाशी बोलतोय रे तो?” मी म्हणालो, समुद्राशी, आणि आपल्या खलाशांशी. आप्पा तंबाखू मळता मळता थांबले. रेल्वेत खलाशी म्हणजे मजूर. पुलावर, यार्डात, वर्कशॉपात राबणारा. आमच्या शेजारच्या खोलीत दोन खलाशी राहत होते. आप्पांनी समजून मान डोलावली. “मग बरोबर आहे. खलाश्यांशिवाय साहेब काय एकटा जाणार होता?”

तेव्हा मी त्यांना अर्थ समजावून सांगितला, जहाज, शीड वगैरे. आज वाटतं, समजावायची गरज नव्हती.

जोकिन मिलर या अमेरिकी कवीची ‘कोलंबस’ ही कविता मी फार उशिरा वाचली. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं झाली तेव्हाच्या उत्सवी वातावरणातली, १८९२ च्या सुमाराची. अमेरिकी शाळांतल्या कित्येक पिढ्यांनी ती पाठ केली. तिच्यात जहाजावरचा मदतनीस पुन्हा पुन्हा येऊन सांगतो की माणसं घाबरलीत, समुद्र खवळलाय, आता काय करायचं. आणि कप्तान दर वेळी तीच एक आज्ञा देतो. तंत्र चोख आहे, म्हणताना अंगावर काटा येतो. पण त्या कवितेत खलाशी म्हणजे भीती आणि कप्तान म्हणजे धैर्य, अशी वाटणी आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेत ती तशी नाही. तिथला कोलंबस ‘आम्ही’ म्हणून बोलतो, आणि त्या ‘आम्ही’त खलाशी धरलेले आहेत. ती ज्यात आहे तो ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली आला. त्या साली पारतंत्र्यातल्या तरुणांनी ती कविता ऐकली तेव्हा त्यांना कुणाचा भूभाग जिंकायचा नव्हता. त्यांच्यासमोर साम्राज्याचा समुद्र होता. नायक तोच, जहाजंही तीच, पण बोलणारी माणसं वेगळी. माझ्या ओट्यावरही ती बदलली होती.

किनाऱ्यावरचे लोक मात्र या कवितेतही नाहीत. हे मला लिहिलंच पाहिजे. १८९३ मध्ये शिकागोला कोलंबसाच्या नावाने जागतिक प्रदर्शन भरलं. विवेकानंदांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ती त्याच निमित्ताने भरली होती. त्या शहराच्या जमिनीवर ज्यांचा पूर्वापार वावर होता त्या पोटावाटोमी जमातीतले सायमन पोकागन यांनी त्या वर्षी एक छोटी पुस्तिका काढली. तुमच्या या उत्सवात आम्हाला आनंद नाही, तुमच्यासाठी जो शोध तो आमच्यासाठी अंत्यविधी, असा तिचा आशय. पुस्तिका त्यांनी कागदावर छापली नाही. बर्च झाडाच्या सालीवर छापली. आपण जिला भूर्जपत्र म्हणतो ती त्याच कुळातल्या झाडाची साल. त्यांची जमात तिच्यापासून होड्या, घरं आणि भांडी करत आली होती, आणि ती झाडं आता जंगलासोबत संपत चालली आहेत, असं त्यांनी सुरुवातीलाच नमूद केलं. लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या शेवटी नायक गोऱ्या धर्मगुरूंचं स्वागत करायला सांगून होडीत बसतो आणि मावळतीकडे निघून जातो. १८५५ ची ती कविता लोकांनी डोक्यावर घेतली. निघून गेलेल्यांपैकी एकजण अडतीस वर्षांनी झाडाच्या सालीवर उत्तर लिहून प्रदर्शनात उभा राहिला, याला मी त्या शतकातलं एक मोठं लेखन मानतो. ते अजून फार कमी लोक वाचतात.

व्हिटमनकडे पुन्हा वळतो, कारण त्याला सोडून देणं मला जमत नाही. १८७३ च्या जानेवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला, मे महिन्यात आई गेली. कॅम्डनला भावाच्या घरी तो पांगळा होऊन पडला. १८७४ च्या मार्चमध्ये त्याची ‘प्रेअर ऑफ कोलंबस’ प्रसिद्ध झाली. इथला कोलंबस जमैकाच्या किनाऱ्यावर अडकलेला आहे, म्हातारा, आजारी, जहाजं किड्यांनी पोखरलेली. तो देवाशी बोलतो. आपण जे केलं ते खरं होतं की भ्रम, हे त्याला ठरवता येत नाही. स्वतःबद्दलही खात्रीने काही सांगता येत नाही. तीन वर्षांपूर्वी ज्याच्या स्वप्नाची पूर्तता त्याने साऱ्या जगाला सांगितली होती, तोच हा माणूस. खलाशी इथेही दिसत नाहीत. पण कप्तानाचा साहेबपणा गळून गेलाय आणि तो वाळूवर बसलाय, कुणाही म्हाताऱ्या खलाशासारखा. ही कविता मी आप्पांच्या शेवटच्या आजारात वाचली. तिच्याबद्दल यापुढे मला लिहिता येत नाही.

कोलंबसाच्या पहिल्या सफरीत जमीन पहिल्यांदा दिसली ती ‘पिंटा’ जहाजावरच्या रोद्रिगो दे त्रियाना या खलाशाला. पहिल्यांदा जमीन पाहील त्याला राजाराणीने दरसाल दहा हजार माराव्हेदींचं बक्षीस ठेवलं होतं. आदल्या रात्री उजेड आपल्यालाच दिसला होता, असं सांगून ते कोलंबसाने घेतलं. त्या तीन जहाजांवरच्या माणसांची नावं शोधली ती स्पेनमध्ये राहून अ‍ॅलिस बॅश गुल्ड या अमेरिकी बाईने. विसाव्या शतकाची चाळीसेक वर्षं तिने तिथल्या दफ्तरखान्यांत घालवली. पगाराच्या पावत्या, दावे, वारसांचे अर्ज चाळले. सत्त्याऐंशी नावं तिने पक्की केली. १९५३ साली सिमांकासच्या दफ्तरखान्यापाशीच तिला मरण आलं. मस्टर लावणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून ती बाई मला कुठल्याही कवीइतकी मोठी वाटते.

प्रॉमन्टरीवरचा मूळ रूळ आता तिथे नाही. १९०४ मध्ये खाऱ्या सरोवरातून सरळ मार्ग निघाला आणि हा फाटा ओस पडला. १९४२ साली, म्हणजे ‘विशाखा’च्याच वर्षी, युद्धासाठी लोखंड हवं म्हणून रूळ उखडले. खिळा ठोकायला झाला होता तसा काढायलाही समारंभ झाला. इंजिनांखाली दिसतात ते रूळ नंतर टाकलेले.

दहा मैलांच्या फलकापाशी मी मुलाला गाडी थांबवायला सांगितलं. जुन्या भरावावर आता मुरूम आहे. बाजूने कुठे कुठे दगडी मोऱ्या टिकून आहेत. एक मोरी वाकून पाहिली. तासलेले दगड एकमेकांत नीट बसवलेले होते, सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही असे. दीडशे वर्षांत सरकले नव्हते. मुलगा मागून म्हणाला, “बाबा, ऊन फार आहे, टोपी घाला.” मी टोपी घातली आणि भरावावरून थोडं चालत गेलो. रूळ नव्हते, स्लीपर नव्हते. पाय मात्र लाइनवर चालताना पडतात तसे, स्लीपरच्या अंतराने पडत होते.